शोभाक्कांच्या खोलीची कडी

शोभाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुपरीत, घरोघरी पैंजण जोडणाऱ्या बायकांच्या बैठकीत होते. हृदय बंद पडलं, एवढंच कळलं. आणि माझ्या मनात पहिलं आलं ते... उद्याच्या मोर्चात आता बोलणार कोण? रडू त्याच्यानंतर आलं. महिना होऊन गेला, तरी ते मनातून जात नाही.

आमची कष्टकरी बायकांची संघटना नव्वदच्या दशकात अक्कांनीच उभी केली. आवाज असा, की माइक बंद पडला तरी सभा चालूच. पुढे त्यांची झोप उडाली, हात थरथरू लागले, तेव्हा मीच मागे लागून त्यांना विपश्यनेच्या शिबिराला पाठवलं. परतल्या तेव्हा चेहरा कसा निवांत दिसत होता! पण तो बघायला आम्हाला सवड कुठे होती? आम्ही सगळ्याजणी तक्रारी घेऊन एसटी स्टँडवरच हजर. त्याला आम्ही प्रेम समजत होतो. घरी जाऊन घोटभर चहाही न घेता त्या तिथूनच आमच्याबरोबर पोलीस ठाण्यात आल्या.

तरी रोज संध्याकाळी ऑफिसच्या मागच्या खोलीत कडी लावून ध्यानाला बसायचं, असा नेम त्यांनी धरला. आम्ही कसल्या ऐकतोय! दार बडवायचं आणि ओरडायचं, "आक्का, एकच मिनिट हाय की!" एकदा पाहते तर त्या स्वतःच कडीचे स्क्रू काढत होत्या.

"अहो, हे काय?"

"कडी लावून बसलो की तुम्ही भाईर ताटकळताय असं वाटतंय. मन थांबतच न्हाय बघ. त्यापरास दार उघडंच ऱ्हाऊ दे."

मी हसले, सोय झाली म्हणून. मग अक्का डोळे मिटून बसत आणि बायका समोर बसून नवऱ्याचं, मालकाचं गाऱ्हाणं सांगत. अक्कांनी कधी कुणाला थांबवलं नाही... आम्हीही नाही. शोकसभेत मात्र जो तो म्हणत होता, अक्कांनी विश्रांती घ्यायला हवी होती. मीही म्हटलं, आणि खाली बसल्यावर लाज वाटली.

गेल्या आठवड्यात मी त्या दाराला नवी कडी बसवली. आतून लावायची. आत आता त्यांचं बसायचं घोंगडं तेवढं घडी करून ठेवलंय. काल, शोकसभेला येऊन गेलेली हुपरीची रखमा मालकाशी झालेलं भांडण घेऊन आली. सवयीनं तरातरा मागे गेली आणि लोटलेल्या दारापाशी थबकली. बोटानं हळूच टकटक केली. मग भिंतीला टेकून उभी राहिली.

"थांबतो की जरा," ती मला म्हणाली. "घाई न्हाय."