वाघरीची खुंटी

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुणाचं वाईट झालं की एकच बोलायच्या, "ज्याचं त्याचं करम." कुणाची गाय आटली, करम. कुणाची लेक वर्षाच्या आत पांढऱ्या कपाळानं माहेरी आली, करम. एवढं बोलून त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागायच्या. मलाही ते पटायचं. दुसऱ्याच्या दुःखावर इतकं सोपं उत्तर असलं की आपल्याला जागचं उठावं लागत नाही. पुढं ते उत्तर माझ्याच पदरात पडलं, तेव्हा मला ते कुठं ठेवावं ते कळेना.

माझं सासर कोरेगावजवळचं. विहिरीवर मोट होती, तिच्या पाण्यावर उसाचा एक तुकडा, बाकी सगळं पावसाच्या भरवशावर. लढाईचे दिवस होते. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोवर आमचे हे पलटणीत गेले आणि तिथून बोटीनं कुठं गेले, ते पत्रात लिहायलाही मनाई. घरात मी, आत्याबाई आणि मामंजी. मला सहावा महिना चाललेला.

दिवाळी सरली की आटपाडीकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरायचे. त्यांच्याकडं चारा संपलेला असायचा आणि आमच्या रानाला खत हवं असायचं. रानात आठ-दहा रात्री मेंढरं बसवली की लेंड्यांनी जमीन सुधारते. त्या बदल्यात आम्ही त्यांना जोंधळे द्यायचो. आमच्या रानात दरसाल एकच जोडपं यायचं. नवरा दिवसभर कळप घेऊन माळाला जायचा. बायको मागं राहून नुकत्या व्यालेल्या मेंढ्या आणि कोकरं सांभाळायची. ती वाघरीत असायची. वाघर म्हणजे दोरीचं जाळं. खुंट्या ठोकून त्याचं गोल कुंपण करतात.

ती माझ्याच वयाची. कपाळावर गोंदण, हातात सदा लोकर कातायची चाती. मला वैनी म्हणायची. आत्याबाईंच्या धाकात दिवसभर तोंडाला कुलूप लावून बसणारी मी, तिच्याजवळ गेले की माझी टकळी सुरू व्हायची. एकदा तिनं कालच जन्मलेलं कोकरू माझ्या ओटीत ठेवलं आणि म्हणाली, "घ्या वैनी, सवय करून घ्या." दोघी पोट धरून हसलो. सासरी आल्यापासून मी तशी हसले नव्हते.

त्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासाठी भाकरी आणि तांब्याभर ताक घेऊन गेले. ती नव्हती, ओढ्याला पाण्याला गेलेली. वाघर नीट लावलेली होती, तोंडाशी खुंटी पक्की ठोकलेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण ती खुंटी उपटायला मला दोन्ही हात लावावे लागले. मला ते कोकरू घ्यायचं होतं, बाकी काही नाही. आत गेले, बसले, त्याला पोटाशी धरलं. तेवढ्यात बांधावरून आत्याबाईंची हाक आली, आणि हाकेला उशीर झाला तर दिवसभर ऐकून घ्यावं लागायचं. मी उठले. खुंटी ठोकायची म्हणजे वाकून दगडानं हाणायची, आणि पोट आडवं येत होतं. म्हणून जाळ्याच्या कडेवर नुसता एक दगड ठेवला आणि पळाले. तेवढ्यानं भागेल असं मला खरंच वाटलं होतं. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही बघा, मी पोटाचं निमित्त सांगतेच आहे.

शेजारच्या रानात शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा होता. पावसानं ताण दिल्यानं तो वीतभर वाढून सुकायला लागलेला. असा कोवळा, तहानलेला शाळू जनावरानं खाल्ला की घटकाभरात पोट फुगून ते आडवं होतं. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दगड सरकला, मेंढ्या बाहेर पडल्या आणि थेट त्या शाळवात शिरल्या. ती पाण्याची घागर घेऊन परत येईपर्यंत अकरा मेंढ्या पाय ताणून पडल्या होत्या. कोकरं मात्र वाघरीतच राहिलेली. ती आयांना हाका मारत होती.

ओरडा ऐकून आम्ही सगळे रानात धावलो. नवराही माळावरून आला. त्यानं मेलेल्या मेंढ्या पाहिल्या, उघडी वाघर पाहिली आणि हातातल्या काठीनं बायकोला मारायला सुरुवात केली. ती एकच बोलत होती, "म्या खुटी ठोकली हुती. द्येवाशपत ठोकली हुती." तो म्हणत होता, "मग खुटी काय उडून ग्येली?" खुंटी तिथंच पडली होती, मी टाकली होती तिथं. मी दहा पावलांवर उभी होते. मामंजींनी पुढं होऊन त्याचा हात धरला, तोवर तिच्या कपाळातून रक्त आलं होतं.

मी बोलले नाही. कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. नवरा परमुलखात, माझी बाजू घेणारं घरात कुणी नाही, आत्याबाईंनी मला त्याच पावली माहेरी धाडलं असतं. पण तीन शब्दांचं काम होतं. "खुटी म्या काढली." एवढं बोलले असते तर त्याची काठी तिथंच थांबली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बिऱ्हाड घोड्यावर लादलं. जायच्या आधी ती ताकाचा तांब्या परत द्यायला दारात आली. घासून लख्ख केलेला. कपाळाला हळद दाबलेली. मला म्हणाली, "वैनी, म्या खुटी ठोकली हुती. तुमी तरी खरं माना."

तांब्या दारात आला म्हणजे ताक घेऊन कोण आलं होतं, ते तिला ठाऊक होतंच. तरी तिच्या मनात माझ्याबद्दल शंकेचा कणही नव्हता. मी तांब्या घेतला आणि म्हणाले, "व्हय, ठोकली आसंल."

पुढच्या साली ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या सालीही नाहीत.

मला मुलगी झाली. चार महिन्यांची होऊन तापानं गेली. आत्याबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मागल्या जन्माचं काय तरी आसंल, बाई." त्यांनी एवढ्या मायेनं माझ्याशी बोलण्याची ती पहिलीच वेळ, आणि मला त्या हाताखालून पळून जावंसं वाटत होतं. मागला जन्म कशाला हवा होता? मला तर दिवस आणि वेळसुद्धा ठाऊक होती. मला कोकरांच्या हाका ऐकू यायच्या. मी मनाशी ठरवून टाकलं की हे फेडायला लागलंय, आणि आता पाळी ह्यांची. लढाईवरून पत्र यायला आठ दिवस उशीर झाला की मी पाणीही गिळू शकत नसे.

मग मी कर्म सुधारायच्या मागं लागले. सोमवार धरले, शनिवार धरले. पिंपळाला पाणी, मुंग्यांना साखर, अनवाणी देवदर्शन. देवळात पोथी सांगायला एक म्हातारे बुवा यायचे. त्यांना मी पदर ओढून विचारलं, "बुवा, हातून पाप घडलं तर किती उपास करावं लागत्यात?" ते म्हणाले, "नाम घे, पोरी. जे घडलं ते देवाच्या पायाशी ठेव." मला बरं वाटलं, कारण देवाच्या पायाशी ठेवायला आटपाडीला जावं लागत नव्हतं. गावात माझं नाव झालं. बायका आपल्या सुनांना सांगायच्या, बघा, तिच्याकडनं शिका. आत्याबाईही चारचौघींत माझं कौतुक करायला लागल्या, आणि मी मान खाली घालून ते ऐकून घ्यायची.

लढाई संपली आणि हे परत आले. एक पाय जरा ओढत चालायचे, पण जिवंत आले. मी नारळ फोडले, आणि त्याच दिवशी मला कळलं की आतलं काही हललेलं नाही. नवरा सुखरूप आला तरी कोकरं तशीच ओरडत होती.

एके दिवशी ह्यांना जेवायला वाढताना मी सगळं सांगून टाकलं. ह्यांनी घास खाली ठेवला.

"खुटी तू काढलीस?"

"व्हय."

"आन् मार तिनं खाल्ला?"

"व्हय."

मला वाटलं, आता ताट भिरकावतील. ह्यांनी उरलेली भाकरी संपवली, हात धुतला आणि म्हणाले, "पाऊस लागला की धनगरं घरला येत्यात. तवा जाऊ." आत्याबाई दारामागं होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून करम हा शब्द माझ्या कानावर तरी आला नाही.

श्रावणात आम्ही निघालो. सर्विस मोटार जिथपर्यंत जायची तिथपर्यंत मोटारीनं, पुढं मिळेल त्या बैलगाडीनं, शेवटी चालत. मामंजींना त्यांची वाडी ठाऊक होती. वाटभर मी काय बोलायचं ते घोकत होते. पाया पडायचं ठरवलं होतं. तिनं शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या, नवऱ्यानं काठी उचलली तर अंगावर घ्यायची. खरं सांगायचं तर तो मार मला हवाच होता. मार खाल्ला की मोकळी झाले असते.

ती अंगणात लोकर पिंजत बसली होती. वयानं माझ्याएवढी, पण निम्मे केस पांढरे. कपाळ मोकळं, आणि त्यावर ती जुनी खूण. तिनं मला ओळखलं. "वैनी? बसा." तिनं घोंगडं टाकलं. ह्यांना पाणी दिलं. तिचा नवरा मागल्या साली तापात गेला होता.

मी पाय धरायला वाकले, तिनं ते मागं घेतले. मी बसूनच सांगितलं. कोकरू, हाक, दगड, सगळं. ती ऐकत होती आणि हात लोकरीत चालूच होते. माझं संपल्यावर हात थांबले.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "म्या खुटी ठोकली हुती त्ये मला ठावं हायच की. त्येला सांगायचं हुतं."

मग तिनं सांगितलं, अगदी चारा-पाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं. त्या सालापासून नवऱ्यानं तिला कळपामागं नेलंच नाही. हिच्या हाती जितराब देऊ नये, असं सगळ्या वाडीत झालं. दिवाळीनंतर सगळी बिऱ्हाडं निघायची आणि ही म्हाताऱ्या सासूजवळ मागं राहायची. नवरा मरताना शुद्धीवर होता. तेव्हाही ती त्याला म्हणाली, म्या खुटी ठोकली हुती. तो म्हणाला, आता तरी खरं बोल.

मी आजवर समजत होते की माझं कर्म माझ्या घरी आलं, माझ्या लेकीला घेऊन गेलं. ते माझ्या घरी आलंच नव्हतं. इतकी वर्षं ते हिच्या घरात राहत होतं, हिच्या ताटात जेवत होतं, आणि मी तिकडं मुंग्यांना साखर घालत होते. माझी लेक तापानं गेली. ताप होता तो. त्या पोरीच्या मरणालाही मी माझ्या पापाच्या कामाला लावलं होतं.

ती उठली, आत गेली आणि सासूला हाताला धरून बाहेर घेऊन आली. म्हातारीला घोंगड्यावर बसवलं आणि मला म्हणाली, "आता हिला सांगा. मोठ्यानं सांगा, हिला ऐकू येत न्हाई."

मी म्हणाले, "खुटी म्या काढली हुती."

म्हातारीनं कानाला हात लावला. "काय म्हनती?"

"आनखी मोठ्यानं," ती म्हणाली.

मी ओरडले. शेजारच्या दोन घरांतून माणसं बाहेर आली. म्हातारीला अजून कळेना. मी तिसऱ्यांदा ओरडले, चौथ्यांदा. "खुटी म्या काढली हुती, आत्ती. तुमच्या सुनंनं ठोकली हुती. म्या काढली." देवळात कुजबुजत बुवांना विचारणारी मी, परक्या वाडीत बेंबीच्या देठापासून ओरडत होते आणि रडत होते. हे खाली मान घालून उभे होते.

म्हातारीला कळलं. ती सुनेकडं बघत राहिली. मग सगळ्यांना विचारल्यासारखं म्हणाली, "मग माज्या ल्योकानं हिला कशापायी मारलं?"

सुनेनं आम्हाला भाकरी खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही. क्षमा केली, असं ती बोलली नाही आणि मी मागितली नाही. ओढ्यापर्यंत सोडायला आली. हे पुढं गेल्यावर तिनं मला थांबवलं.

"वैनी, एक खरं सांगा. त्यो जित्ता आसता, काठी हातात घिऊन हितं हुबा आसता, तर तुमी बोलला आसता?"

मी म्हणाले, "व्हय."

तिनं मान हलवली आणि परत फिरली. त्या दिवसानंतर मी सोमवार सोडले, शनिवार सोडले. चूक झाली की त्याच दिवशी, त्याच माणसाला, तोंडावर सांगायची, एवढं एकच व्रत ठेवलंय. ते पाळताना पुष्कळदा जीभ जड होते. पण तिला दिलेलं ते "व्हय" खरं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.