पाचवी फ्लॉपी

नारायणगावात माझं टायपिंगचं दुकान होतं. दोन हजार सालाच्या आसपास टाइपरायटर काढून मी कॉम्प्युटर घेतला. त्याच वर्षी एक म्हातारे बाबा आणि आजी दुकानात आले. आंबेगाव तालुक्यातलं त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं.

"पोरी, घर न् घर सांगतो, तू लिवून घे," बाबा म्हणाले. "मला लिवता येत न्हाई."

मग ते दर बाजाराच्या दिवशी यायचे. खालची आळी बाबा सांगायचे. वरच्या आळीत आजींचं माहेर, तिथलं त्या सांगायच्या. कुणाच्या दारात कवठ, कुणाचा उंबरा उंच, कोणत्या दोन घरांत एकच भिंत. मी लिहायचे, नकाशा काढायचे, लोकांनी दिलेले फोटो स्कॅन करायचे. एकदा विचारलं, "बाबा, झालंय तेवढ्याचा प्रिंट काढू?"

"पुरं झाल्यावं काढ. अर्धं गाव कागदावं नको."

कॉम्प्युटर बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी माझ्याकडून एक स्टार्टअप फ्लॉपी करून घेतली होती. मशीन बंद पडलं तर ही घालून चालू करायचं. ती मी खणात ठेवली, कधी घालून पाहिली नाही. गावाची फाइल एका फ्लॉपीत मावेना म्हणून पाच फ्लॉप्यांवर तुकडे करून भरायचे. दर महिन्याला त्याच पाच, जुन्यावरच नवं. नंतर बिस्किटाच्या डब्यात ठेवून द्यायचे. उघडून बघावं असं कधी सुचलं नाही.

थंडीत आजी गेल्या. महिन्याभराने बाबा एकटेच आले. "वरची आळी तिनं सांगून ठिवली, लई बरं झालं," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात एका सकाळी कॉम्प्युटर टकटक वाजला आणि पडदा काळाच राहिला. स्टार्टअप फ्लॉपी घातली. मशीन चालू झालं, पण त्याला हार्ड डिस्क दिसेना. डबा घेऊन मी जुन्नरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले. तिथल्या सरांनी एकेक फ्लॉपी घातली. चार वाचता आल्या. पाचवी वाचता येईना. क्लासमधल्या सगळ्या मशीनवर घालून पाहिली.

"सगळ्या तुकड्यांची यादी शेवटच्या फ्लॉपीवर असते," सर म्हणाले. "तिच्याशिवाय बाकीच्या उघडत नाहीत."

हार्ड डिस्क पुण्याला नेली. दुरुस्तीवाल्याने ती वायर जोडून कानाला लावली आणि टेबलावर ठेवली. "आतून घासली गेलीय, ताई. काही निघणार नाही."

बाबा महाळुंगे पडवळ गावी मुलाकडे राहायचे. तिथे जाऊन मी सांगितलं. ते ओट्यावर बसून ऐकत होते.

"डब्यातल्या व्हत्या ना?"

"त्यापण गेल्या, बाबा."

"वरची आळी?"

मग त्यांनीच मुलाला माझ्यासाठी चहा सांगितला.

पुढच्या बाजाराला ते पुन्हा आले. खालची आळी तीन महिन्यांत उभी राहिली. आता मी रोजचं पान रोज छापत होते, सीडीवर घेत होते, ती सीडी दुसऱ्याच्या मशीनवर उघडून बघत होते. वरच्या आळीत मात्र चौथ्या घराशी बाबा थांबले. डोळे मिटून बसले. माझी बोटं कीबोर्डवर तशीच.

"फुडं कोन, तिलाच ठावं व्हतं."

आजींच्या माहेरचे लोक कुठे कुठे पांगले होते. मी दोघांना शोधून काढलं. एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने त्याच घराचं दुसरंच. बाबांना दोन्ही पटेनात.

"ऱ्हाऊ दे. तिथं नुसती रेघ मार."

अशा सतरा रेघा झाल्या. छापून झाल्यावर बाबांनी मला सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. रेघ आली की मी थांबायचे, त्यांच्याकडे बघायचे.

"वाच फुडं," ते म्हणायचे.