मशीनचं कपाळ

आमच्या लालबागच्या चाळीत वीज सहसा जात नाही. बाबांनी जुना पेट्रोलवरचा जनरेटर घेतला, तेव्हा मी त्यांची भरपूर टिंगल केली. पण गिरणीत फिटर राहिलेल्या माणसाला घरात एखादं तरी इंजिन लागतंच. पुढे त्यांची फुप्फुसं कामातून गेली, खाटेशेजारी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि माझी टिंगल बंद झाली.

दर दसऱ्याला जनरेटरची पूजा व्हायची. बाबा हुकूम सोडायचे आणि आई कुंकू कालवून टिळा लावायची. टाकीचं झाकण म्हणजे मशीनचं कपाळ, हा बाबांचा सिद्धांत. आधीचा टिळा पुसायचा नाही, त्यावरच नवा लावायचा. मला हसू यायचं, पण झेंडूचा हार मीच आणायचो.

एका दुपारी शेजारच्या टॉवरच्या खोदकामात केबल तुटली. ऑक्सिजनचं यंत्र किंचाळून बंद पडलं. घरात एक छोटा सिलिंडर होता, तो लावला. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला तर ती हिंदमाताच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. सिलिंडर तोवर पुरणार नव्हता, हे मला आणि बाबांना दोघांनाही कळत होतं.

जनरेटर गॅलरीत ओढला, चोक लावून दोरी खेचली. लगेच सुरू झाला. आईने हात जोडले. पाच मिनिटांत इंजिन गचके खात बंद पडलं. थोडं थांबून दोरी ओढली, पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

"शिळं पेट्रोल," बाबा मास्कमधून म्हणाले. "कार्ब्युरेटर खोल. जेट साफ कर."

मी खालची वाटी उघडली, जेटमध्ये बारीक तार घातली, प्लग घासला. घाईत एक स्क्रू खाली चौकात पडला. बिनस्क्रूचंच बसवलं. इंजिन सुरू झालं, चांगलं चाललं आणि परत गचके द्यायला लागलं. काटा टाकी भरलेली दाखवत होता, त्यामुळे झाकण उघडून बघावंसं कुणालाच वाटलं नाही. त्या मशीनचा मला इतका राग आला की मी त्याला लाथ मारली. बाबा पाहत होते. त्यांना ते आवडलं नाही.

अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा सिलिंडर संपलेला होता. शेजाऱ्यांनी बाबांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. रुग्णालयाच्या दारापर्यंत ते पोचले नाहीत.

तेराव्यानंतर मी जनरेटर काढला. त्याच्यावर सूड उगवायचा होता, दुसरं काही नाही. चालू केला, पाच मिनिटांनी बंद पडला. पेट्रोल ओतून टाकावं म्हणून झाकण फिरवलं, तर टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. झाकण उघडंच ठेवून दोरी खेचली आणि इंजिन टाकी रिकामी होईपर्यंत चालत राहिलं.

झाकणाला सुईएवढं भोक असतं. त्यातून हवा आत गेली नाही, तर पेट्रोल खाली उतरत नाही. ते भोक वर्षानुवर्षांच्या कुंकवाने दगडासारखं बुजलं होतं. मी तिथेच बसून रडलो. मग रॉकेलने झाकण घासून साफ केलं आणि आईला सांगितलं, कार्ब्युरेटरमध्ये कचरा होता.

यंदाच्या दसऱ्याला आई वाटीत कुंकू घेऊन गॅलरीत आली. स्वतःला ती आता लावत नाही.

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली. "गेल्या खेपेला माझा हात थरथरत होता. टिळा नीट लागलाच नाही. ते म्हणालेसुद्धा, पुन्हा लाव. मी कंटाळा केला. त्या दिवसापासून माझ्या मनात तेच येतंय बघ."

"तसं काही नसतं, आई."

"नसेल रे," ती म्हणाली, आणि अंगठाभर कुंकू घेऊन झाकणावर नीट दाबून लावलं.