सर्व्हरला हात लावायचा की नाही

आमच्या ग्रंथालयाचा सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा एक जुना डबा. खंडेनवमीला त्याची पूजा होते. गेल्या वर्षी शिपाईमामांनी इतक्या भक्तीनं कुंकू वाहिलं की ते पंख्याच्या जाळीतून थेट आत गेलं. मी ओरडलो, तर म्हणाले, "मग काय झालं? चालतंय की!" खरंच चालत होतं, आणि माझं दुखणं तेच होतं.

मुख्य कार्यालयानं कळवलं होतं की या डब्यातली ऑपरेटिंग सिस्टीम फार जुनी झाली आहे, नवी टाका, नाहीतर नेटवर्कमधून तोडू. पुस्तकांची देवघेवही याच डब्यावर चालते आणि दुसरा घ्यायला पैसे नाहीत, म्हणजे तोडलं की ग्रंथालयच बंद. त्यांचं चुकत नव्हतं. इथं कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो, त्यामुळं त्यांच्या जागी मीही तेच लिहिलं असतं.

पण त्या डब्यात बाईंच्या नोंदी आहेत. बाई म्हणजे आमच्या निवृत्त ग्रंथपाल. नोकरीभर सुट्टीच्या दिवशी एसटीनं चंदगड, आजरा, कुठं कुठं फिरून त्यांनी घराघरातले जुने कागद गोळा केले. कागद कपाटात आहेत, पण त्यांवर नुसते नंबर. कागद कुणाचा, कुणी दिला, देताना काय म्हणाले, हे फक्त त्या नोंदींत. 'सासूनं चुलीत घातलेलं पत्र, सुनेनं ओढून काढलं' अशा एकेक नोंदी. सांगणारी बहुतेक माणसं आता नाहीत.

नोंदी टाइप केल्या त्या काळात मराठीसाठी ज्याचा त्याचा फॉन्ट असायचा. आमचा फॉन्ट गावातल्या एका छापखानेवाल्यांनी स्वतः बनवलेला. तो त्या जुन्या सिस्टीमवरच चालतो. नवीन मशीनवर नोंद उघडली की कंस, टक्के, डॉलर असली सगळी चिन्हं दिसतात, मराठी तेवढं दिसत नाही. फॉन्ट बदलून देणारे प्रोग्राम वापरून पाहिले, पण कुठल्या बटणाला कुठलं अक्षर हा हिशोब त्या गृहस्थांच्या डोक्यात होता आणि ते वारले. मी मात्र दहा वर्षं दर शनिवारी इमानदारीनं बॅकअप घेतला आणि एकदाही दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला नाही. पाहिला तो कार्यालयाचं पत्र आल्यावर, वरातीमागून घोडं. त्या दिवशी मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

आता एकेक नोंद उघडून छापतो. रोज पाच-सहा होतात. या वेगानं नोंदी संपायच्या आधी मीच निवृत्त होईन. मदतीला माणूस मागितला, मिळाला नाही. या धंद्यातला मित्र म्हणाला, "टाक की बिनधास्त, काय हुतंय?" शिपाईमामा म्हणाले, "चालत्या गाडीला खीळ कशाला घालताय?" दोघांचंही पटायचं, म्हणून काहीच ठरेना.

शेवटी बाईंच्या घरी गेलो. काचबिंदूनं त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. त्यांनीच "टाक नवं" म्हणावं आणि मी सुटावं, हा माझा स्वार्थ. सगळं सांगितलं. त्या पदराचं टोक चाचपत हसल्या.

"मी गेल्यावर कर की. तोवर राहू दे."

मी 'बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? कार्यालयाला पुढच्या महिन्याचा वायदा केला, मग त्याच्या पुढच्या.

परवा सकाळी बाईंच्या मुलीचा फोन आला. "आईला दवाखान्यात ठेवलंय. छातीत दुखाय लागलंय." फोन कानाला असतानाच माझ्या मनात आलं, आता करता येईल. बाईंची काळजी त्याच्या मागून आली. मला माझीच किळस आली.

संध्याकाळी मोसंबी घेऊन गेलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, दुखणं थांबलं होतं. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि हात धरून शेजारच्या खाटेवरच्या आजींना सांगायला लागल्या, "ह्यो बघा आमचा पोरगा. सगळी मागं लागल्यात, पर माझ्यासाठी मशीन तसंच ठेवलंय बघा ह्यानं."

त्यांच्या मुलीचे डोळे भरून आले. मी खाली मान घालून मोसंबी सोलत राहिलो.