सुंदराची पट्टी

वाशिंदच्या कंपनीत पहिली पाळी करून रघू दुपारी शेणव्याला परतायचा आणि चहा पोटात गेला की लोकांच्या गिटारी घेऊन पडवीत बसायचा. शहापूरपासून मुरबाडपर्यंत हळदीला वाजवणाऱ्या पार्ट्यांची पोरं त्याच्याकडेच यायची. रघू गिटार मांडीवर आडवी घ्यायचा, एक डोळा मिटून दांडा वाकलाय का बघायचा आणि आधी पोरालाच झापायचा. "भाताच्या गोणीसारखी टेम्पोत टाकतोस आणि वर सुरात वाजायला पायजे? लाज वाटते का रे?"

त्याची स्वतःची गिटार मात्र दुसऱ्या कुणाला वाजवता यायची नाही. ती त्याने बायकोसाठी, सुंदरासाठी जुळवलेली होती. सुंदरा हळदीची गाणी गायची आणि तिची पट्टी अशी आडमुठी, की कीबोर्डच्या दोन सुरांच्या मधेच बसायची. "तू नाय सरकत, तर मी सरकतो," म्हणत रघूने सगळ्या तारा खाली उतरवल्या. त्या सैल पडून दांड्यावरच्या फ्रेटवर आपटायला लागल्या. मग त्याने जाड तारा चढवल्या, तारा टेकतात त्या ब्रिजमध्ये हाडाचा उंच तुकडा घासून बसवला आणि तारा दांड्यापासून वर उचलल्या. दाबताना बोटं सोलून निघायची, पण आवाज असा घुमायचा की ऐकत राहावं. सहाव्या, सगळ्यात जाड तारेच्या खुंटीचं बोंड पुढे तुटलं. ती फक्त पकडीने फिरायची, आणि पक्कड रघूच्या ड्युटीच्या पिशवीत असायची.

सुंदराला कावीळ झाली आणि महिन्याभरात ती गेली. गिटार वर्षभर खिळ्याला लटकत राहिली. मग रघू वाजवायचा त्या पार्टीत नवा कीबोर्ड आला. पोरं म्हणाली, "काका, आता याच्यावर लावा." रघूने मोबाइलवर सूर बघून सहाही तारा वर चढवल्या आणि ड्युटीला गेला. परत येऊन छेडतो तर सगळ्या तारा सुंदराच्या पट्टीत!

आता तार का उतरते हे रघूला कुणी शिकवायला नको. उन्हाने उतरते, खुंटी ढिली असली की उतरते. पण एखादी जास्त उतरेल, एखादी कमी. सहाच्या सहा नेमक्या त्याच सुरावर येऊन थांबतील? आणि तेही रोज, सकाळी नव्याने वर चढवल्यावर?

"तिचा जीव अडकलाय रे त्यात," त्याची थोरली बहीण हिराबाई म्हणाली. "मोकळी कर तिला. घरात तरणी पोर हाय." गिटारीवरून नारळ उतरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रघूला भीती वाटायची. पण पाळी सुटली की कधी एकदा घरी जाऊन तार छेडतो असंही व्हायचं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटायची.

शेवटी एका रविवारी त्याने जाड तारा काढून बारीक चढवल्या, तो हाडाचा तुकडा कानशीने घासून निम्मा केला. तारा दांड्याला टेकायला आल्या. "आता उतरलीस तर नुसती खडखडशील," तो म्हणाला आणि कानस हातात धरून ढसाढसा रडला.

सोमवारी दुपारी त्याने अंगणात पाय ठेवला. आत सुंदरा गात होती. मागे तारा खडखडत होत्या.

आत दिशा होती, त्याची लेक. आई गेल्यापासून तिने त्याच्यासमोर एक ओळ म्हटली नव्हती. बापाला बघून ती दचकली.

"रोज तू तारा उतरवायचीस?"

"मला आईच्या पट्टीत गायचं होतं. तुझ्यासमोर गायले असते तर तू रडला असतास." तिने गिटार पुढे केली. "बाबा, आज ही अशी का खडखडते? काय केलंस तू हिला?"

रघूला रडू आलं, हसूही आलं. नारळ फुकट गेला की! "वेडे, बोलायचं तरी होतंस गो! नवं हाड बसवतो, उंच." त्याने पकडीसाठी पिशवीत हात घातला आणि तो तसाच थांबला.

"सहावी कशी फिरवायचीस?"

"ती मी कधीच नाय फिरवली. पक्कड तुझ्याकडे असते ना. ती आधीच उतरलेली असायची. तिच्यावरून मी बाकीच्या लावायचे."

"आणि आज?"

"आज नव्हती उतरली. अंदाजाने लावल्या."

रघूने सहावी तार छेडली. त्याने ठेवली होती तिथेच ती होती, वर, कीबोर्डच्या सुरात.

त्याने नवं हाड घासून बसवलं, जाड तारा परत चढवल्या. दिशा आता त्याच्यासमोर गाते आणि तो पाच तारा तिच्यासाठी उतरवून देतो. सहावी तेवढी रोज सकाळी कीबोर्डच्या सुरात लावतो, पक्कड गिटारीशेजारी ठेवतो आणि ड्युटीला जातो. दुपारी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी ती छेडतो. त्याने ठेवलेली असते तिथेच ती असते.