लग्नपत्रिका छापणारा फॉरेन-रिटर्न

छापखान्यात काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. कटिंग मशीनखाली कतरण साचते तसे ते आपोआप साचतात, आणि झाडायला कुणालाच वेळ नसतो! मी रायपूरच्या समता कॉलोनीत साहू भैयांच्या प्रेसमध्ये आठ महिने काढले. त्याआधी दोन वर्षं इंग्लंडात ग्राफिक डिझाईन शिकत होतो. त्यामुळे माझ्याकडे दोन्हीकडची कतरण आहे. सुरुवात तिकडूनच करतो.

*

तिकडे पहिलंच असाइनमेंट होतं, आपल्या गावाचं पोस्टर. मी सरळ हत्ती काढला. अंबारी, झूल, चारी बाजूंना कमळं. भारतातून आलोय म्हणजे एवढं तर द्यायलाच पाहिजे!

आमच्या प्रोफेसर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पोस्टर जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "हा तुझ्या घराजवळ राहतो का?"

"नाही. आमचं घर चौबे कॉलोनीत आहे. समोर रस्त्याच्या गिट्टीचा ढीग आहे."

"मग तो काढ!"

मी जाम चिडलो. पण दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला, की घरात अक्षरं छापलेलं जे काही सापडेल ते पाठवा. बाबा रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर होते, नुकतेच रिटायर झालेले. सांगितलेलं काम तंतोतंत करणारा माणूस. पार्सलातून निघालं काय? पोह्यांचा रिकामा पुडा, चार लग्नपत्रिका, औषधांची खोकी आणि माझी दहावीची मार्कशीट! बाईंनी मार्कशीट सोडून सगळं भिंतीवर टाचलं. त्या पुड्यावरची अक्षरं मी लहानपणापासून रोज बघत होतो, पण खरी बघितली ती तिथं.

*

शिकत असतानाच आई गेली. कोर्स संपताच मी परत आलो. बाबा स्टेशनवर घ्यायला आले होते. ऑटोत बसल्यावर एवढंच म्हणाले, "आता कुठी जाऊ नको, बाबू." मी मान हलवली. त्यानंतर तो विषय ना त्यांनी काढला, ना मी.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. पाट्यांवरचं 'म.प्र.' खोडून 'छ.ग.' लिहायला पेंटर पुरत नव्हते. जिकडे बघावं तिकडे राजधानी किराणा, राजधानी ड्रायक्लीनर्स. आमच्या चौकात तर राजधानी पंक्चर! अशा घाईत साहू भैयांना माझ्यासारखा माणूस हवाच होता. त्यांनी मला ठेवून घेतलं आणि त्याच दिवशी दारावर कागद चिकटवला, 'यहाँ फॉरेन डिजाइन मिलता है.'

पहिलं गिऱ्हाईक पंडरी बाजारातले एक कापडवाले सेठ. मी त्यांच्या साड्यांची जाहिरात केली. एका कोपऱ्यात साडीचा पदर, खाली दुकानाचं नाव, बाकी सगळं कोरं. दोन वर्षं मोकळ्या जागेचं महत्त्व शिकून आलो होतो ना!

सेठनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "भैया, ये जगह किसकी है?"

"आपकी ही है, सेठजी."

"तो फिर इसमें मेरे तीनों भतीजों का नाम डाल दो!"

*

एका सरकारी ऑफिसातून बोलावणं आलं. चिन्ह बनवायचं होतं. साहेब म्हणाले, "अपनी संस्कृति दिखनी चाहिए." मी वही उघडली. साहेब सांगत गेले, धानाची लोंबी, धबधबा, मंदिर, शिंगांचे मुकुट घालून नाचणारे, आणि मागे कारखान्याची चिमणी. "धुआँ भी दिखाना, विकास का!"

मी म्हटलं, "सर, लेटरहेडवर हे रुपयाच्या नाण्याएवढं छापणार. त्यात काय काय दिसेल?"

साहेबांनी माझ्याकडे कीव करत पाहिलं. "तो लेटरहेड बड़ा छापो."

तिकडे बाई म्हणायच्या काढून टाक, इकडे साहेब म्हणतात टाकत राहा. मी रोज सायकलवरून घरी येताना दोघांशी मनातल्या मनात भांडायचो. एकदा भांडता भांडता घर मागेच राहिलं आणि मी पुढच्या चौकात पोचलो!

*

आता माझ्या गाढवपणाचा किस्सा. लपवण्यात अर्थ नाही, अख्ख्या समता कॉलोनीला ठाऊक आहे.

एक बँकेतले गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. "एकदम हटके पाहिजे," म्हणाले. मी पांढऱ्याशुभ्र कागदावर बारीक अक्षरं लावली आणि उजवीकडचा वरचा एक कोपरा तिरका कापला. असं ऐटदार दिसत होतं ते कार्ड की मीच खूश! गृहस्थ नमुना घेऊन घरी गेले, अन् मी तोवर तीनशे पत्रिकांचे कोपरे कापून मोकळा झालो.

आमच्याकडे पत्रिकांना हळद लावणाऱ्या दुलारी दीदी होत्या. वीस वर्षं तेच काम. त्यांनी गठ्ठा हातात घेतला आणि एकदम खाली ठेवला. "कोन गुजर गे, भैया?"

मरणाच्या पत्राचा एक कोपरा फाडतात! लहानपणी पोस्टमनच्या हातात तसं कार्ड दिसलं की आई वाचायच्या आधीच खाली बसायची. मी तिकडे लग्नपत्रिकांवर चाळीस पानांचा प्रबंध लिहिला होता आणि नेमकं हेच विसरलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

तेवढ्यात गृहस्थ धापा टाकत आले. नमुना लांबूनच बघून त्यांच्या आईनं गळा काढला होता आणि घरातली माणसं मोजून झाली तरी त्या गप्प होत नव्हत्या! साहू भैयांनी डोक्याला हात लावला. दुलारी दीदी शांतपणे म्हणाल्या, "बाकी तीनों कोन्हा घलो काट दे."

आम्ही उरलेले तिन्ही कोपरे कापले. चारी टोकांना हळद लागली. लग्नात तीन जणांनी विचारलं, हे फॉरेन डिझाईन कुठं मिळतं म्हणून.

*

शेजारच्या वानखडे काकू रोज फाटकातून विचारायच्या, "काहून रे, इतकं शिकून आला अन् पत्रिकाच छापून राहिला?" मी हसून टाळायचो. आत मात्र चैन नव्हती. आठ महिने झाले तरी बॅग पूर्ण उघडली नव्हती. रोज लागतील तेवढे कपडे काढायचो आणि पुन्हा चेन लावायचो. बाबा खोलीत यायचे, बॅगेकडे बघायचे आणि पेपर उचलून जायचे.

मार्चमध्ये तिकडच्या प्रोफेसर बाईंची ईमेल आली. त्यांच्या स्टुडिओत जागा होती. सोमवारी तुमच्याकडच्या दुपारी चारला घरी फोन करते, हो की नाही ते सांग. मला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. पण रिकाम्या घरात एकटे वरण-भात लावणारे बाबा डोळ्यांसमोर यायचे आणि तोंड उघडायचं नाही. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. ठरवलं, नाही म्हणून टाकू.

सोमवारी घरात बसवेना, म्हणून अडीच वाजता कॉलोनीत चकरा मारायला बाहेर पडलो. मार्चअखेर तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणजे फोन आपल्याकडे तीनलाच येणार, हे मी साफ विसरलो होतो! परत आलो तर दारातच बाबांची इंग्रजी ऐकू आली. ती अख्खी रेल्वेत शिकलेली. बाबा ड्यूटीवर असल्यासारखे ताठ उभे होते, रिसीव्हर दोन्ही हातांत.

"यस मॅडम. माय सन ओन्ली."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नो मॅडम. ही इज नॉट इन हाऊस. ही इज स्टँडिंग ऑन आऊटर. आऊटसाइड स्टेशन. एट मंथ्स. सिग्नल नॉट गिव्हन."

मी चप्पल काढायची विसरून उभा राहिलो. बाबांनी मला पाहिलं, पण थांबले नाहीत.

"हू? आय हॅव नॉट गिव्हन, मॅडम." त्यांनी घसा खाकरला. "नाऊ आय अॅम गिव्हिंग. यू प्लीज रिसीव्ह."

मग त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि मला नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला.