इतवारीच्या दिवशी आडवं झाड

नवा रायपूरचे रुंद, रिकामे रस्ते संपले की पुढे आमचं गाव लागतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी इथे घर बांधलं आणि दोन पावसाळे बघून ते गेले. घर, बोअर आणि अंथरुणाला खिळलेली आई माझ्या वाट्याला आली. लग्न मी केलं नव्हतं, तेव्हा तक्रार करायला नवराही नव्हता.

आईची डावी बाजू लुळी होती. पडून पडून तिच्या कमरेखाली जखम झाली, ती भरायला अख्खा उन्हाळा गेला. भरली ती हवेच्या गादीमुळे. त्या गादीला छोटा पंप असतो, तो एका कप्प्यातली हवा काढून दुसऱ्यात भरत राहतो, म्हणजे एकाच जागी भार येत नाही. पंप विजेवर चालतो. पुन्हा चिघळली तर या वयात भरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ढग बघून लोकांना काय काय सुचतं, मला फक्त तो पंप आठवायचा.

श्रावणाच्या तोंडावर एका शनिवारी दुपारी वादळ आलं. वेशीवरची जुनी चिंच मुळासकट उपटून तारांवर पडली, खांब वाकला, रस्ताही अडला. इन्व्हर्टरने संध्याकाळपर्यंत कसाबसा दम धरला. मग गादी बसत गेली आणि आई खालच्या फळीला टेकली. मी तिला या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिले. ती हाडांची मोळी झाली होती, तरी एकटीला आवरत नव्हती.

भाऊ रायपुरात बूढ़ापाऱ्याला राहतो. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"दीदी, मैंने तो पहले ही बोला था, बड़ा इनवर्टर लो."

नाल्यावरून पाणी चाललंय, गाडी निघणार नाही, हेही त्याने सांगितलं. गाडी अडली, अक्कल तेवढी फोनवरून बिनबोभाट पोचली.

सकाळी लाइनमन चिखल तुडवत आला. "झाड हटवा दो दीदी, तार मैं खींच दूंगा," म्हणाला. मला हायसं वाटलं. झाड तोडणारे हात गावात हवे तेवढे होते. पण तो रविवार इतवारीचा निघाला. या दिवसांत गावाचा बैगा, म्हणजे पुजारी, वेशीवर पूजा बांधतो, रोगराई बाहेर राहावी म्हणून, आणि मग ठरलेल्या रविवारी कोणी नांगर धरत नाही, कुऱ्हाड उचलत नाही. बायका घराच्या भिंतीवर शेणाने चित्रं काढतात. चालतीफिरती होती तोवर आईही काढायची.

गावातले सगळ्यात वडीलधारे आजोबा हात जोडून दारात उभे राहिले.

"आज टंगिया नइ उठय दीदी. काली बिहनिया जम्मो झन आबो."

उद्या सकाळी सगळे येऊ, आज कुऱ्हाड नाही. मी त्यांना नाही नाही ते बोलले. ते ऐकून घेत राहिले. त्यांच्या घरच्या बायका येऊन आईला पंख्याने वारा घालत बसल्या, कुशीवर करायला हात लावू लागल्या. ही माणसं वाईट असती तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त रागावता आलं असतं.

दुपारी त्या जेवायला गेल्या तशी मी दारामागची आमची कुऱ्हाड काढली. आईने पाहिलं.

"कुठं चालली?"

"झाड तोडायला. एकेक फांदी करत तोडीन."

"ठेव ते."

"आई, जखम फुटेल."

"फुटू दे. माहं काय राहिलं आता? तू एकटी राहशीन इथं. रातीबेराती तुह्या हाकेले हेच येतीन. ह्याइचा नेम मोडशीन तं उद्या कोणाच्या दारात जाशीन?"

मी तिच्याशी भांडले. तुझ्या पाठीची किंमत देऊन मला शेजार नको, असंही म्हणाले. तिने डोळे मिटून घेतले. कुऱ्हाड हातात घेऊन मी अंगणात किती वेळ उभी होते कोण जाणे. मग ती जागेवर ठेवली आणि रडत रडत आईची कूस बदलली. माझ्यासाठी ती फळीवर पडून होती आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

सोमवारी उजाडायच्या आधी अख्खा गाव चिंचेवर तुटून पडला. शब्दाचे पक्के निघाले. ऊन चढायच्या आत तार ओढली गेली, पंप घुरघुरायला लागला, गादी आईला घेऊन फुगत वर आली. मी तिला कुशीवर करून लुगडं बाजूला सारलं. कमरेखालचं फडकं ओलं होतं.

"वलं लागून राहिलं," आई म्हणाली.

"घाम आहे. दोन दिवस पंखा नव्हता ना."



"घामाचा वास मले समजते," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे करून द्यायला सांगितलं.